एका टोपीपायी गेलेली रात्र

"मॅडम, नेट चालूये, पण पोर्टल बंदये."

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी थर्ड शिफ्टच्या आयटीवाल्या पोराचा फोन, आणि मी अर्धवट झोपेत त्याला सांगून मोकळी की सर्व्हर रिस्टार्ट कर. सर्व्हरचा काही संबंध नव्हता. बंद पडलं होतं ते बीजीपीचं (इंटरनेटवरची नेटवर्क्स एकमेकांना आपले रस्ते, म्हणजे रूट, सांगतात ती भाषा) कंडिशनल अ‍ॅडव्हर्टाइजमेंट, अट खरी झाली तरच रूट सांगायची सोय, म्हणजे मीच आठ महिन्यांपूर्वी मोठ्या ऐटीत केलेलं काम, ज्याचं मीटिंगमध्ये कौतुकही झालं होतं. त्या रात्री काय काय झालं ते लिहून ठेवते, कारण नेटवर्कमधल्या दोन मैत्रिणींना सांगितलं तर दोघींच्या कॉन्फिगमध्ये तीच चूक निघाली.

आधी मांडणी सांगते. प्लँट चाकणला, इंटरनेटच्या लाईनी दोन. एक मोठी लाईन, एक छोटी, ऑफिसात आम्ही हेच म्हणतो आणि इथेही हेच म्हणते, कंपन्यांची नावं नकोत. आमचा स्वतःचा एएस नंबर (एएसएन, बीजीपीत नेटवर्कची ओळख सांगणारा आकडा) आहे, पण अ‍ॅड्रेस मात्र मोठ्या लाईनवाल्यांच्याच ब्लॉकातले, त्यांच्या एका स्लॅश वीसमधला एक स्लॅश चोवीस त्यांनी आम्हाला दिलाय (स्लॅशपुढचा आकडा जितका मोठा तितका ब्लॉक छोटा). इथे खरे आकडे देत नाही, डॉक्युमेंटेशनसाठी राखून ठेवलेले वापरते, आमचा ब्लॉक धरा २०३.०.११३.०/२४, आमचा एएस ६४४९६, मोठी लाईन ६४५००, छोटी ६४५०१. (एएसएन म्हटलं की आमच्या स्टोअरवाल्यांना अ‍ॅडव्हान्स शिपिंग नोट आठवते, त्यामुळे एकदा मी "आपला एएसएन बदलायचा नाही" असा मेल टाकला तर परचेसमधून तीन जणांचे घाबरून फोन आले होते.)

आता कोणी विचारेल की दोन लाईनी आहेत तर दोन्हीकडे ब्लॉक अनाउन्स करा, छोटीवर एएस-पाथ प्रीपेंड मारा, म्हणजे वाटेतल्या एएस नंबरांची यादी आपलाच नंबर पुन्हा पुन्हा जोडून लांब दाखवा, झालं काम. नाही होत. मोठ्या लाईनवाले आमचा स्लॅश चोवीस बाहेर सांगतच नाहीत, ते त्यांचा आख्खा स्लॅश वीस सांगतात. मग छोटीवरून मी स्लॅश चोवीस सोडला की सगळ्या जगाला तो जास्त नेमका रूट दिसणार आणि सगळा ट्रॅफिक छोटीवरून येणार, तुम्ही दहा वेळा प्रीपेंड करा नाहीतर पन्नास वेळा, कारण लाँगेस्ट मॅचपुढे एएस-पाथची लांबी कोणी बघतच नाही. आणि समजा ब्लॉक आमचा स्वतःचा असता तरी छोट्या लाईनवाले कस्टमरच्या रूटला लोकल प्रेफरन्स, म्हणजे स्वतःच्या नेटवर्कपुरती पसंती, जास्त देतात, बहुतेक सगळेच देतात, म्हणजे त्यांच्या नेटवर्कमधला ट्रॅफिक तसाही थेट आमच्या छोट्या पाइपमध्ये घुसला असता. छोटी लाईन आहे पन्नास एमबीची. त्यामुळे हवं होतं ते एवढंच, की मोठी जिवंत आहे तोवर छोटीवर गप्प बसायचं आणि मोठी गेली की बोलायचं.

सिस्कोच्या राउटरमध्ये यासाठी नेबरच्या (लाईनच्या पलीकडच्या राउटरच्या) खाली अ‍ॅडव्हर्टाइज-मॅप आणि नॉन-एक्झिस्ट-मॅप अशी जोडी असते. पहिल्यात लिहायचं काय सांगायचं, दुसऱ्यात लिहायचं काय दिसेनासं झालं की सांगायचं. हे छोट्या लाईनच्या नेबरखाली लावायचं, मोठीच्या नाही. नवीन पोरं हमखास उलटं लावतात, कारण मनात "मोठी पडली तर" असं वाक्य चालू असतं आणि बोटं मोठीच्या नेबरकडे जातात. दुसरं म्हणजे अ‍ॅडव्हर्टाइज-मॅप रूट तयार करत नाही. ब्लॉक आधीपासून आपल्या बीजीपी टेबलात असायला हवा, त्यासाठी नेटवर्क स्टेटमेंट आणि खाली नल झिरोचा स्टॅटिक रूट (कुठेच न नेणारा, नुसता टेबलात असावा म्हणून हाताने लिहिलेला) ठेवावा लागतो, नाहीतर कंडिशन खरी होऊनही पाठवायला काही नसतं. हे सगळं मी बरोबर केलं होतं.

घोळ झाला तो पहारा कशावर ठेवायचा इथे.

डिफॉल्ट रूटवर ("बाकी सगळं इकडे पाठवा" असं सांगणाऱ्या) पहारा ठेवता येत नाही, दोन्हीकडून डिफॉल्ट येतो, एकीकडचा गेला तरी दुसरीकडचा टेबलात बसलेलाच. शिवाय मोठ्या लाईनवाल्यांचा एज राउटर डिफॉल्ट आंधळेपणाने देतो, त्याच्या मागचं सगळं जळून गेलं तरी देत राहील. म्हणून मी त्यांचाच एक कोअरमधला (आतल्या मुख्य नेटवर्कमधला) प्रीफिक्स, म्हणजे ब्लॉक, निवडला, धरा १९८.५१.१००.०/२४, प्रीफिक्स-लिस्टमध्ये नेमका तेवढाच, खाली-वर काही नाही, आणि सोबत एएस-पाथची अट, की तो मोठ्या लाईनकडूनच आलेला असावा. ती अट मी अशी लिहिली:

_६४५००$

ज्यांना कळलं त्यांनी कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी पुढे येतेच.

तर रात्री काय झालं, एक चाळीसच्या सुमाराला नाशिक रोडच्या कडेला कोणाचं तरी खोदकाम चालू होतं आणि जेसीबीने फायबर उचलली. पुण्यात फायबर जमिनीखाली असते ती जेसीबीला सापडावी म्हणूनच, असं आमचा केबलवाला म्हणतो. आमच्या राउटरला लगेच कळलं नाही, मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) आहे त्यामुळे इंटरफेस हिरवाच, आणि होल्ड टाइम (समोरून काही आलं नाही तर किती वेळ वाट बघायची तो) डिफॉल्टच ठेवलेला, १८० सेकंद. तीन मिनिटांनी मोठीचं सेशन पडलं. आतल्या लोकांचं ब्राउझिंग छोटी लाईनच्या अ‍ॅड्रेसवर नॅट होऊन, म्हणजे पत्ता बदलून, निघतं, ते आपोआप चालू राहिलं. म्हणून त्या पोराच्या दृष्टीने नेट चालू. पण पोर्टल, व्हीपीएन, मेल गेटवे हे सगळं २०३.०.११३ वर, आणि तिकडे येणारं जग अजून मोठ्या लाईनच्या स्लॅश वीसच्या मागे जाऊन खड्ड्यात पडत होतं. गेटवर सप्लायरच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या, कारण पोर्टलवर शिपिंग नोट चढल्याशिवाय सिक्युरिटी गाडी आत घेत नाही.

आणि माझं व्हीपीएनही त्याच ब्लॉकात! म्हणजे घरून लॉगिन होणं शक्य नाही. मोशीहून चाकणला रात्री अडीचला गाडी काढायची की पोराकडून करून घ्यायचं, मी दुसरं निवडलं. त्याला कन्सोल केबल लावायला लावली आणि फोन स्पीकरवर.

"शो आयपी बीजीपी समरी मार. काय दिसतं?"

"मॅडम, एक अ‍ॅक्टिव्ह दिसतंय, एकासमोर मोठा आकडाये."

"अ‍ॅक्टिव्ह म्हणजे पडलेलंय. दुसरं चालूये."

"अ‍ॅक्टिव्ह म्हणजे पडलेलं?"

"हो रे बाबा, ते नाव तसंच आहे, नंतर सांगते."

मग छोटीच्या नेबरचं पूर्ण आउटपुट काढायला लावलं आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यात खाली एक ओळ असते जी मी आता झोपेतही ओळखीन, कंडिशन-मॅप अमुक, अ‍ॅडव्हर्टाइज-मॅप तमुक, स्टेटस: विथड्रॉ. म्हणजे राउटरच्या मते सगळं ठीक आहे, मोठी लाईन जिवंत आहे, मी गप्प बसतो.

इथे मी मूर्खपणा केला. कंडिशन तपासणारा बीजीपी स्कॅनर दर ६० सेकंदांनी फिरतो हे मला माहीत होतं, पण मला वाटलं तो कुठेतरी अडकलाय, आणि मी त्या पोराला सांगितलं की क्लिअर आयपी बीजीपी स्टार मार. सॉफ्ट नाही, आऊट नाही, नुसतं स्टार. त्याने बिचाऱ्याने मारलं.

"मॅडम, आता नेट पण बंद झालं."

छोटीचं चालू सेशनही मीच पाडलं. ते परत उभं राहून आख्खं टेबल उतरेपर्यंत जी काही मिनिटं गेली त्यात प्लँट हेडचा फोन येऊन गेला, तो मी उचलला नाही, कारण उचलून सांगणार काय. मात्र त्या मिनिटांमध्ये डोकं थोडं चालायला लागलं. छोटीकडून आम्ही फुल टेबल घेतो. आख्ख्या इंटरनेटचं. आणि मोठी लाईनवाली कंपनी काही बंद पडलेली नाही, फक्त त्यांची आमच्यापर्यंतची फायबर तुटलीय. म्हणजे त्यांचा तो कोअरचा प्रीफिक्स जगात सगळीकडे दिसतोय आणि फिरून छोटीवरून आमच्याकडेही येतोय.

"शो आयपी बीजीपी १९८.५१.१००.० मार."

आला. एकच पाथ, ६४५०१ ६४५००. छोटीकडून, शेवटी मोठी.

"आता शो रन मधून एएस-पाथ अ‍ॅक्सेस-लिस्ट वाचून दाखव मला, एकेक अक्षर."

"परमिट, अंडरस्कोर, सहा चार पाच शून्य शून्य, डॉलर."

"सुरुवातीला टोपी नाहीये का?"

"कसली टोपी मॅडम?"

गांधी टोपी. कीबोर्डवर आकड्यांच्या ओळीत, सहाच्या डोक्यावर असते ती, ^. कॅरेट म्हणतात तिला, पण मी शिकले तेव्हापासून टोपीच म्हणते. टोपी म्हणजे पाथ इथून सुरू झाला पाहिजे, डॉलर म्हणजे इथे संपला पाहिजे. अंडरस्कोर म्हणजे नुसती मधली फट, ती सुरुवात असू शकते, शेवट असू शकतो, स्पेस असू शकतो. मी लिहिलेली अट म्हणत होती "शेवटी ६४५०० असलेला कुठलाही पाथ", त्यात थेट आलेलाही बसतो आणि छोटीवरून फिरून आलेलाही. मला म्हणायचं होतं "थेट ६४५०० कडून आलेला आणि त्यांचाच", म्हणजे ^६४५००$. नॉन-एक्झिस्ट-मॅपला एक जरी मॅच सापडला तरी त्याच्या लेखी वस्तू अस्तित्वात आहे. सापडत होता. मीच मला टोपी घातली होती, आणि घालायची तिथे घातली नव्हती.

मग आठ महिन्यांपूर्वी टेस्ट कशी पास झाली? हे मला सगळ्यात जास्त लागलं. लॅबमध्ये मी तीन राउटर उभे केले होते, मोठी, छोटी, आम्ही. छोटीवरून फक्त डिफॉल्ट सोडला होता, लॅबमध्ये फुल टेबल कोण उतरवत बसतं. आणि "मोठी पाडायची" म्हणून मी मोठीचा राउटरच बंद केला. राउटर बंद म्हणजे प्रीफिक्स जगातूनच नाहीसा, मग टोपी असो नसो कंडिशन खरी होणारच. ६० सेकंदांच्या आत स्टेटस अ‍ॅडव्हर्टाइज, स्क्रीनशॉट काढला, रिपोर्टात चिकटवला. खऱ्या आयुष्यात कंपनी बंद पडत नाही हो, जेसीबी येतो. लॅबमध्ये मोठी आणि छोटीमध्ये एक केबल टाकून फक्त आमची केबल ओढली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. आणि चालू राउटरवर सुद्धा, शो आयपी बीजीपी रेगएक्स्प असं मारून आपली अट टेबलातल्या काय काय पाथना लागते ते बघता येतं, त्याला काही पाडावं लागत नाही, चहा पिता पिता होतं. मी ते केलं नव्हतं.

तीन पस्तीसला पोराने टोपी घातली. फोनवर, एकेक अक्षर बोलून. एक मिनिट वाट बघितली, स्टेटस: अ‍ॅडव्हर्टाइज. अ‍ॅडव्हर्टाइज्ड-रूट्समध्ये २०३.०.११३.०/२४ दिसला. मी घरात एकटीच ओरडले, शेजारच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काय गं, झालं का?" म्हटलं झालं.

नव्हतं झालं.

माझ्या मोबाईल डेटावरून पोर्टल उघडलं. घरच्या ब्रॉडबँडवरून नाही. पुण्यातल्या एका सप्लायरकडे उघडलं, चेन्नईच्या नाही. चारला वेगवेगळ्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्या नेटवर्कांचं टेबल बाहेरून बघायची पानं) बघायला लागले तर काहींच्या टेबलात आमचा स्लॅश चोवीस होता, काहींच्यात त्याचा पत्ताच नाही. आधी वाटलं पसरायला वेळ लागतोय, बीजीपी अपडेटमध्ये नेबरगणिक थोडं थांबून पाठवायची पद्धत असते, सिस्कोमध्ये बाहेरच्या नेबरला डिफॉल्ट ३० सेकंद. पण पंधरा मिनिटांनीही तेच. छोटीच्या एनओसीला (त्यांच्या नेटवर्क कंट्रोल रूमला) फोन लावला.

"मॅम, आमच्याकडे तुमचा प्रीफिक्स रिसीव्ह होतोय, फिल्टरमध्ये पण आहे, आम्ही अपस्ट्रीमला देतोय."

"मग पुढे का दिसत नाही?"

"मॅम ते पुढचं आम्ही नाही सांगू शकत."

खरं तर सांगू शकला असता. पण त्याचीही नाईट शिफ्ट होती.

कारण निघालं आरपीकेआय, म्हणजे कुठला ब्लॉक कुठल्या एएसने सांगायचा याची सहीशिक्क्याची नोंद. मोठ्या लाईनवाल्यांनी त्यांच्या स्लॅश वीसचा रोआ (त्या नोंदीतला दाखला) बनवून ठेवलाय, ओरिजिन, म्हणजे मूळ सांगणारा, त्यांचा एएस, मॅक्स लेंथ, म्हणजे स्लॅशपुढचा कमाल आकडा, २०. त्यांच्या दृष्टीने अगदी शिस्तीचं काम. पण आमचा स्लॅश चोवीस, आमच्या एएसमधून, त्या रोआखाली तपासला की थेट इनव्हॅलिड. लांबीही जास्त, ओरिजिनही वेगळा. अज्ञात असता तर चालून गेला असता, आजही अशा रूटना बहुतेक ठिकाणी आत घेतात, पण इनव्हॅलिड म्हटलं की जे नेटवर्क ओरिजिन तपासतात ते फेकून देतात. नेहमीच्या दिवसात हे कधी कळणारच नव्हतं, कारण आमचा स्लॅश चोवीस मोठीच्या घरातच राहतो, बाहेर पडतो तो स्लॅश वीस. बाहेर पडण्याची पहिलीच वेळ ती, आणि नेमकी पहाटे चारला.

गंमत म्हणजे यात माझं कॉन्फिग, छोटीचं फिल्टर, मोठीचा रोआ, तिघांपैकी एकेकटं बघितलं तर कोणाचंच चूक नाही. (माझं टोपीवालं सोडून.) मोठीला नुसती मॅक्स लेंथ २४ करायला सांगूनही भागणार नव्हतं, ओरिजिन त्यांचाच राहिला असता. आमच्या ब्लॉकासाठी आमच्या एएसचा वेगळा रोआ हवा होता, आणि तो ज्यांच्या नावावर अ‍ॅड्रेस आहेत त्यांनीच काढायचा, मी नाही काढू शकत. पहाटे मी काही करू शकले नाही. पाचच्या सुमाराला स्प्लाइसिंगवाल्यांनी फायबर जोडली, सेशन वर आलं, १९८.५१ मोठीकडून थेट दिसायला लागला, स्कॅनरच्या पुढच्या फेरीत छोटीवरून ब्लॉक मागे घेतला गेला. गाड्या आत गेल्या. पोराला म्हटलं जा चहा पी, बिल मला पाठव.

रोआसाठी मेल, मग तिकीट, मग "कृपया ऑथरायझेशन लेटर जोडा", मग लेटरवर सही कोणाची चालेल यावर दोन दिवस. त्यांच्या कस्टमर केअरला रोआ म्हणजे काय हे मी समजावून सांगितलं, आणि मी सांगितलेलंच त्यांनी मला उत्तरात परत पाठवलं. नवव्या दिवशी झाला. व्हॅलिडेटरमध्ये आमचा ब्लॉक हिरवा दिसला तेव्हा मी तो स्क्रीनशॉट कोणालाही पाठवला नाही, आठ महिन्यांपूर्वीचा आठवून.

मधल्या काळात बाकीचं उरकलं. होल्ड टाइम ३० केला, दोन्ही बाजूंपैकी जो कमी तो ठरतो त्यामुळे मोठीला विचारायचीही गरज पडली नाही, फक्त आधी कळवलं. बीएफडी (तुटलेली लाईन झटकन ओळखणारी सोय) मागितलं होतं, आमच्या प्लॅनमध्ये बसत नाही म्हणाले. पहाऱ्याला अजून एक प्रीफिक्स घातला, के-रूटचा (डीएनएसच्या रूट सर्व्हरांपैकी एक, रस्त्याचा रूट नव्हे) १९३.०.१४.०/२४, ओरिजिन २५१५२, टोपीसकट ^६४५००_ ने सुरू होणारा. दोन्ही गायब झाले तरच बोलायचं. यावर आमच्या सिनियर सरांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. सर म्हणतात रूट सर्व्हर अ‍ॅनीकास्ट आहे, म्हणजे एकाच पत्त्याच्या जगभर अनेक कॉपी, मोठीच्या शेजारीच त्याची एखादी कॉपी असेल तर बाहेरचं सगळं तुटूनही तो दिसत राहील आणि तू गप्पच बसशील. बरोबर आहे त्यांचं. पण एकच प्रीफिक्स ठेवला आणि मोठीने तो उद्या त्यांच्या सोयीने काढून टाकला तर धडधाकट लाईन असताना आमचा सगळा ट्रॅफिक पन्नास एमबीत कोंबला जाईल, दुपारी, शिफ्ट बदलताना. मला ती भीती जास्त वाटते. हे दोन्हीपैकी एक निवडावंच लागतं, तिसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

मग एका रविवारी ड्रिल घेतली. यावेळी राउटर बंद नाही केला, मी स्वतः प्लँटवर जाऊन मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर हाताने उपटली, जेसीबीसारखी. होल्ड टाइम संपायला अर्धा मिनिट, मग स्कॅनरची फेरी, मग बाहेर पसरायला थोडं. हातात मोबाईल, पिंग चालू. ९५ सेकंदांनी पहिलं उत्तर आलं. घरच्या ब्रॉडबँडवरून नवऱ्याला पोर्टल उघडायला सांगितलं होतं, त्याचा मेसेज, "उघडलं. आता जेवायला येणारेस का?" चेन्नईवाल्यांचंही उघडलं.

एकाचं नाही उघडलं. तळेगावचा एक सप्लायर, त्याची लाईनही मोठ्या कंपनीचीच. त्या कंपनीचे राउटर स्वतःच्या स्लॅश वीसमधला तुकडा बाहेरून कोणी सांगितला तर घेतच नाहीत, आपले अ‍ॅड्रेस आपल्याच घरात असणार असं धरून चालतात, त्यामुळे त्याची पाकिटं घरातल्या घरात फिरून मरतात. त्यांना मेल टाकलाय की आमचा एक ब्लॉक अपवाद करा. तिकीट नंबर आलाय. तोवर त्या सप्लायरला सांगितलंय की पोर्टल उघडलं नाही तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून नोट चढव, फक्त ते सिम त्याच कंपनीचं नसावं.